संध्याकाळचा पाय

"थांब! ती गोळी तोंडात घालू नकोस!"

थोरलीचा आवाज एवढा चिरका निघाला, की बाकावर वाकून बुटाच्या तळाला टाके घालणाऱ्या बाबांच्या हातातली आरी तिथल्या तिथे थबकली. धाकटीने डोकेदुखीची गोळी नुकती कुठे ओठांशी नेली होती, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता... आणि काय होतंय ते कोणाला कळायच्या आत थोरलीने पुढे झेप घेऊन बहिणीच्या मनगटावर फटका मारला! गोळी उडाली आणि कातड्याच्या कात्रणांत जाऊन दिसेनाशी झाली. पेला कलंडला आणि धाकटीच्या शाळेत घालायच्या कपड्यांवरून पाणी ओघळलं.

"ताई, वेड लागलंय का तुला?" धाकटी किंचाळली. "सकाळपासून डोकं ठणकतंय माझं. पाच तास फळ्यापुढे उभी राहून आलेय. बाबांच्या खणातली एक गोळी घेतली तर तुझं काय गेलं?"

"त्या गोळ्या चांगल्या नसतात."

"बाबा पाठीसाठी वीस वर्षं खाताहेत. बसलेत की धडधाकट!"

"बाबांचं वेगळं आहे."

"हो का? बाबांचं वेगळं, तुझं वेगळं, आणि माझं तेवढं तू म्हणशील ते! लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, तरी माझ्या डोकेदुखीवर राज्य तुझंच!"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. सगळा मोहल्ला त्यांना 'टाचमास्तर' म्हणून ओळखायचा. कारण त्यांनी बसवलेली टाच बूट फाटला तरी निघायची नाही. स्वभावाने माणूस मेणासारखा. कुठल्याही भांडणात शेवटी दोघींचंही बरोबर आहे असं म्हणून मोकळा होणारा. पण आज त्यांचाही सूर थोडा कडवट लागला.

"अगं, गोळीच ती, पोरी... विष थोडंच आहे? घेऊ दे की तिला."

विषच आहे बाबा, विषच आहे! तुमच्या या लेकीला विष असेल, नसेल, मला तरी कुठे ठाऊक आहे? तेच तर कळायला हवंय... थोरलीच्या जिभेच्या टोकावर आलेले हे शब्द तिने वर्षभराच्या सवयीने परत घशाखाली ढकलले. ती खाली वाकली आणि सांडलेलं पाणी पुसू लागली.

तिचं ते मुकाट वाकणं पाहून धाकटीचा संताप आणखीच उफाळला. "बघा बाबा, बघा! उत्तर नाही. गेलं वर्षभर या घरातल्या भाजीत मीठ नाही. तुम्ही बिचारे गुपचूप वरून मीठ घेऊन जेवता. आता हिच्या जिभेवरचंही संपलं! ताई, एक गोष्ट नीट ऐक. तू माझी आई नाहीस. आई असती ना, तर तिने माझं डोकं चेपून दिलं असतं... मारलं नसतं!"

धाकटी पिशवी उचलून तरातरा निघून गेली. फडकं हातात धरून थोरली तशीच बसून राहिली. तू माझी आई नाहीस! चोवीस वर्षांपूर्वी, आईला निरोप देऊन घरी आल्यावर, सात वर्षांच्या या पोरीने तिच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलं होतं, 'आता माझी वेणी कोण घालणार?' आणि एकोणीस वर्षांच्या थोरलीने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली होती. ती पुन्हा कधी खाली आलीच नाहीत. मागणी घालायला आलेली दोन चांगली माणसं परत पाठवली. कशासाठी? कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. न सांगणं हा तिचा स्वभावच होऊन बसला होता. आणि त्याच स्वभावाने आता घात मांडला होता...

खरी गोष्ट अशी होती. वर्षापूर्वी सुईत दोरा ओवताना थोरलीची नजर अडखळू लागली, म्हणून ती चष्मा करायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरने बुबुळात उजेड टाकून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, चष्म्याचं नंतर बघू. तुमच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा बघून मला शंका येतेय. आधी रक्तदाब तपासून घ्या." रक्तदाब निघाला भलताच वाढलेला. मग रक्त झालं, लघवी झाली, पोटावर थंडगार मलम लावून सोनोग्राफी झाली; आणि एका पांढऱ्या खोलीत, पिकल्या केसांच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून कागदावर दोन मूत्रपिंडं काढून दाखवली. दोन्ही पाण्याच्या फोडांनी भरलेली... द्राक्षांच्या घडांसारखी!

"ही गुणी अवयवांची जोडी आहे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात दुखला की माणूस घर डोक्यावर घेतो. पोट बिघडलं की सगळ्या घराला कळतं. पण ही दोघं अर्धी झिजली तरी हूं की चूं करत नाहीत. उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांचं काम ओढत राहतात. तुमची आता पन्नास टक्के काम करताहेत. गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं राखता येतं, अगदी पुष्कळ वर्षं. मीठ कमी. रक्तदाबाची गोळी रोज, न चुकता. पाणी भरपूर. अंगदुखीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. दर तीन महिन्यांनी रक्त आणि लघवी. कराल?"

"करीन."

"आता सांगा, घरात हे कोणाला होतं? हा आजार रक्तातून येतो. आई, वडील..."

आणि त्या क्षणी थोरलीच्या डोळ्यांपुढे दुकानाची भिंत उभी राहिली!

त्या भिंतीवर घरातल्या प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा टांगलेला असे. त्याच फर्म्यावर कातडं ताणून टाचमास्तर घरच्यांचे बूट बांधत. कोणाचा पाय वाढला, की नवा फर्मा कोरायचा नाही. जुन्यावरच कातड्याचा पातळ थर डकवायचा, घासून गुळगुळीत करायचा, की झालं माप मोठं. आईच्या फर्म्यावर असे तीन थर होते.

आई सदतीस-अडतीस वर्षांची असताना एके दिवशी म्हणाली होती, 'अहो, बूट घट्ट होतोय हल्ली.' बाबा हसून म्हणाले होते, 'संध्याकाळचा पाय!' त्यांच्या धंद्यातला हा पहिला धडा. दिवसभर चालून, उभं राहून माणसाचा पाय संध्याकाळी थोडा फुगतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. म्हणून तर दुकानात पाटीच लावलेली होती, 'मापं चार वाजल्यानंतरच घेतली जातील.' फुगलेला पाय या घरात कोणाला कधी आजार वाटलाच नाही! दुसऱ्या घरात एखाद्याने म्हटलं असतं, 'अगं, पायाला सूज कसली? दाखव जरा कोणाला.' या घरात मात्र नवऱ्याने प्रेमाने एक थर डकवला. दोन वर्षांनी दुसरा. आई दमायची, अन्नाकडे बघवायचं नाही, अंग खाजायचं, चेहरा सकाळीसुद्धा सुजलेला दिसायचा... आणि बाबांनी तिसरा थर डकवून लोण्यासारखे मऊ बूट तिच्या पायांत घातले. ते बूट चार महिनेही तिच्या पायांत राहिले नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. कोणी म्हणालं हृदय, कोणी म्हणालं ताप डोक्यात गेला. आईला चव्वेचाळिसावं वर्ष लागलं होतं.

आणि त्यानंतर चोवीस वर्षं हा भाबडा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत आला होता, डोळे भरून आले की तेवढ्या एका गोष्टीच्या आधाराने सावरत आला होता: 'सोनंनाणं मी तिला काही देऊ शकलो नाही हो. पण माझ्या बायकोला आयुष्यात कधी बूट चावला नाही!'

तो आधार काढून घ्यायचा? देवा, कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा?

"नाही," थोरली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती. आणि दारापर्यंत जाऊन, परत येऊन, रडत म्हणाली होती, "हो. आईला होतं."

"मग बहीणभावंडं असतील तर त्यांची तपासणी करा. अशा घरात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. नाणं उडवल्यासारखी."

थोरलीचं नाणं उलटं पडलं होतं. धाकटीचं अजून हवेत होतं! आणि ते कसं पडतंय ते बघायचं, तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की आई आली. आई आली की तो फर्मा आला. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर जाणारच. मग थोरलीने आडवळणं घेतली. 'चल, दोघी मिळून तपासणी करून येऊ, वय झालं आता' असं म्हणून पाहिलं. धाकटी म्हणाली, 'वय तुझं झालं, ताई. माझं नाही.' शेजारच्या बाईच्या आजाराची खोटी गोष्ट रचून सांगितली. धाकटी हसली. शेवटी घरातलं मीठ कमी केलं, स्वतःच्या गोळ्या बारीक खिळ्यांच्या डब्यात लपवल्या, आणि देवाला म्हणाली, 'माझं काय व्हायचं ते होऊ दे, तिचं नाणं सरळ पडू दे.' आता ती डोकेदुखी... देवाने जणू उत्तरच पाठवलं होतं.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी थोरलीची तीन महिन्यांची फेरी होती. आकडे तसेच होते, पन्नास. वर्षभरात एक टक्काही घसरले नव्हते. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "शंभरांत दोन माणसं इतकं पथ्य पाळतात. बहिणीचं काय झालं?"

थोरलीने मान खाली घातली. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. गोळी, फटका, डोकेदुखी. धाकटीला यंदा मूल हवंय, तेही सांगितलं. फर्म्याचं, बाबांचं... सगळं.

डॉक्टरीणबाईंनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. "तुम्ही चांगल्या लेक आहात," त्या म्हणाल्या. "पण एक विचारते, राग मानू नका. वडिलांचं रडणं आणि बहिणीचं आयुष्य तुम्ही तराजूत घातलंत, तेव्हा त्या दोघांपैकी एकालातरी विचारलंत का? तिचा रक्तदाब वाढलेला असेल आणि तशात दिवस राहिले, तर तिचा आणि बाळाचा, दोघांचाही जीव टांगणीला. वेळेवर कळलं, तर सगळं नीट होऊ शकतं. आज सांगा. आजच."

दवाखान्यातून घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. थोरलीला तो चालायला तास लागला. ज्याला ती आजवर त्याग म्हणत आली, त्याच्या आत काय होतं? बाबांना काही सोसवायचं नाही, धाकटीला काही झेपायचं नाही, सगळं पेलायला समर्थ काय ती एकटी... हे प्रेम खरंच. पण त्या प्रेमाच्या अस्तराला अहंकार शिवलेला नव्हता का? देवाने ज्याच्या-त्याच्या वाट्याचं दुःख ज्याच्या-त्याच्या ओंजळीत घातलं, ते परस्पर काढून घेणारी ती कोण? विचार करत करत ती दुकानाशी आली, तेव्हा उन्हं कलली होती. तिने ठरवलं होतं, आधी धाकटीच्या घरी जायचं, तिला एकटीला गाठायचं, हात जोडून सांगायचं...

पण धाकटी दुकानातच होती.

स्टुलावर बसली होती, एक पाय अनवाणी, बाबांच्या गुडघ्यावर. बाबा तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. मोजपट्टी गळ्यात, डिंकाची बाटली उघडी. कालच्या भांडणाची भरपाई म्हणून लाडक्या लेकीला नवे बूट बांधून द्यायचा घाट घातलेला दिसत होता.

"आलीस?" धाकटी नजर चुकवत म्हणाली. "मी बाबांकडे आलेय हं. तुझ्याकडे नाही."

"अगं, हिचे बूट चावायला लागलेत म्हणे," बाबा खुशीत म्हणाले. "सगळा दिवस फळ्यापुढे उभी असते! म्हटलं, चिमणे, काही नाही, संध्याकाळचा पाय तो. एक थर डकवतो, की लोण्यात पाय घातल्यासारखं वाटेल."

आणि धाकटीचा फर्मा मांडीवर घेऊन त्यांनी त्याच्यावर कातड्याचा पातळ, गुलाबीसर तुकडा टेकवला... अंगठ्याने दाबला...

"नको!" थोरलीच्या तोंडून किंकाळी फुटली. "बाबा, नको! तो थर लावू नका! तुमच्या पाया पडते, तेवढा थर लावू नका हो!"

ती खरोखरच त्यांच्या पायाशी कोसळली होती. फर्मा दोन्ही हातांनी छातीशी धरून हमसून हमसून रडत होती. बाबा भांबावले. धाकटी उठून उभी राहिली.

"ताई... काय झालं? ताई, बोल ना!"

मग थोरली बोलली. वर्षभर गिळलेलं सगळं एका दमात, रडण्याच्या उमाळ्यांतून... डोळ्यांचा डॉक्टर, रक्तदाब, द्राक्षांच्या घडासारखी मूत्रपिंडं, पन्नास टक्के, मीठ, गोळ्या, हवेत उडालेलं नाणं. "तुझं डोकं दुखतंय ना, ते बहुतेक रक्तदाबाने. ती गोळी तुझं आणखी नुकसान करील म्हणून मी... मी मारलं तुला. पण तुला तपासून घ्यायलाच हवं गं, चिमणे! हा आजार रक्तातून येतो!"

"कोणाच्या रक्तातून?" बाबांनी विचारलं.

एवढंच थोरली टाळत आली होती. तिने भिंतीकडे पाहायचं नाही असं ठरवलं. पण डोळ्यांनी ऐकलं नाही. फक्त क्षणभर ते वर गेले आणि खाली आले.

टाचमास्तरांना तेवढा क्षण पुरला. साठ वर्षं लोकांच्या पायांवरून मनं ओळखलेला माणूस तो! ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, भिंतीशी गेले, आणि चोवीस वर्षांत ज्याला फक्त धूळ पुसण्यापुरता हात लावला होता तो आईचा फर्मा त्यांनी खुंटीवरून काढला. पुन्हा बाकावर येऊन बसले. कातडं कापायची रापी उचलली.

"बाबा..."

"गप, पोरी. मला बघू दे."

रापीचं पातं त्यांनी वरच्या थराच्या कडेखाली घातलं. जुना डिंक चरचरला आणि थर सुटून आला. "हा शेवटचा," ते म्हणाले. "तेव्हा ती जिना चढताना मध्ये बसायची. मी म्हणायचो, म्हातारी झालीस का गं..." दुसरा थर निघाला. "हा चिमणी चार वर्षांची होती तेव्हाचा. जेवण जायचं नाही तिला. मला वाटायचं, रुसलीय." सगळ्यांत खालचा थर सुटायला वेळ लागला. त्याखालचं लाकूड उघडं पडलं... पिवळसर, लहानसं, नव्या नवरीचं पाऊल! बाबांनी ते तळहातावर घेतलं आणि त्यांचा सगळा देह हलू लागला.

"एवढासा पाय होता गं तिचा! एवढासा! आणि मी... मी मापं वाढवत बसलो! लोक गमतीने विचारायचे, मास्तर, आज किती चुका ठोकल्या? बारीक खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो ना... मी हसायचो. पण ही चूक मला दिसली कशी नाही रे देवा! तिचा पाय रोज माझ्या मांडीवर होता. ज्याला पाय वाचता येतो म्हणून लोक लांबून येतात, त्याला बायकोचा पाय वाचता आला नाही!"

"म्हणूनच नव्हतं सांगितलं, बाबा," थोरली त्यांचे गुडघे धरून म्हणाली. "आईला बूट चावला नाही एवढंच एक समाधान होतं तुमचं. ते माझ्या हातून..."

"आणि माझं काय?"

धाकटीचा आवाज बारीक होता, पण सुरीच्या धारेसारखा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक वर्ष, ताई! एक वर्ष तुला माहीत होतं, आणि तू मला बिनमिठाच्या भाज्या वाढत बसलीस? मी तुझ्यावर कधी कधी ओरडते, भांडते, पण तू एकदा मला समोर बसवून म्हणाली असतीस, की चिमणे, मला असं असं झालंय, तर मी धावत गेले नसते का? माझ्यासाठी नाही, निदान तुझा हात धरायला? तू एकटी जाऊन सुया टोचून घेत होतीस... आणि मी तुला म्हणाले, तू माझी आई नाहीस!"

ती थोरलीच्या गळ्यात पडली आणि लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून रडली. थोरलीने तिचं डोकं कवटाळलं. "चुकलंच माझं. मला वाटलं, मी सगळ्यांचं सोसतेय. मी तर सगळ्यांचं हिरावून घेत होते."

बाबांनी दोघींच्या डोक्यांवर हात ठेवले. त्या हातांना डिंकाचा आणि कातड्याचा वास येत होता. "खरं बोललीस, पोरी," ते रडत रडतच म्हणाले. "चोवीस वर्षं मी एका खोट्या समाधानावर जगलो. त्यापेक्षा खरं रडणं बरं. तिच्यासाठी मला खरं रडायचं होतं गं... ते तू मला द्यायला हवं होतंस."

दुसऱ्याच दिवशी तिघं दवाखान्यात गेली. धाकटीचा नवरा बस चालवायचा. त्याने पाळी बदलून घेतली आणि चौथा म्हणून तोही आला. बाहेरच्या बाकावर सासऱ्याशेजारी बसून तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि बाबा दर पाच मिनिटांनी, "जावईबापू, घड्याळ पुढे ढकलून गाडी लवकर येते का?" असं विचारून त्याला हसवायचा प्रयत्न करत होते, आणि दोघांनाही हसू येत नव्हतं.

धाकटीच्या सोनोग्राफीत फोड दिसले. दोन्हीकडे.

मग डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे सरकवला. "आता हा बघा. मूत्रपिंडांचं काम ब्याण्णव टक्के. म्हणजे नुकसान अजून झालेलंच नाही म्हणा ना. रक्तदाब मात्र वाढलेला आहे, डोकेदुखी त्याचीच. तो आधी ताब्यात आणू. मूल हवंय ना? होईल. पण दोन-तीन महिने थांबायचं, औषध मी देईन ते, आणि मला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. तुमच्या ताईचं कळलं, तेव्हा अर्धी वाट सरलेली होती. तुमचं वाट सुरू होतानाच कळलं. हा फरक फार मोठा आहे."

"आणि पायाची सूज?" बाबांनी भीत भीत विचारलं. "तिचे बूट चावतात..."

डॉक्टरीणबाईंनी वाकून धाकटीचा घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. "यात आजार काही नाही. दिवसभर उभं राहून फुगलेला पाय आहे. बूट थोडा सैल करून द्या तिला."

टाचमास्तरांच्या ओठांवर तो शब्द आला आणि परत गेला. ते नुसतेच मान डोलावत राहिले, आणि गालांवरून आसवं ओघळत राहिली.

"आणि मास्तर, तुमच्या खणातल्या त्या पाठदुखीच्या गोळ्या! उद्या येताना सगळ्या घेऊन या. तुमचंही रक्त तपासू. या घरात आता न तपासलेलं कोणी राहणार नाही."

दोन्ही लेकींच्या वाट्याला काय म्हणून हाच वारसा दिला, हे बाबांनी देवाला विचारलं नाही असं नाही. पण घरी परतताना ते एवढंच म्हणाले, "वारसा तर तुमच्या आईने दिला. निदान त्याची राखण करायला देवाने मला मागे ठेवलंय."

आणि खरोखरच त्यांनी राखण सुरू केली! रक्तदाब मोजायचं छोटं यंत्र घरी आलं. परिचारिकेकडून ते वापरायला टाचमास्तर तीन दुपारी शिकले. पट्टा कोपराच्या किती वर, हात छातीच्या पातळीवर कसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, आधी पाच मिनिटं शांत बसायचं. जन्मभर मापं घेतलेल्या माणसाला ही शिकवण अवघड नव्हती. पण पहिल्या दिवशी थोरलीच्या दंडाला पट्टा बांधताना तो दोनदा सुटला.

सकाळची वेळ होती. रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलांचा गलका येत होता. धाकटी तिच्या घरून आपलं माप द्यायला निघालेली होती, तोवर थोरलीची पाळी.

पट्टा तिसऱ्यांदा नीट बसला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. केसांत पांढरी बट, डोळ्यांखाली सावल्या... थेट आईसारखी दिसू लागली होती. त्यांनी कळ दाबली. यंत्र घरघरू लागलं, पट्टा फुगू लागला, आणि त्याच क्षणी त्यांच्याने राहवेना.

"पोरी, तुझ्या आईला मी एकदा तरी..."

"बाबा," थोरली हळूच म्हणाली, "मोजताना बोलायचं नसतं."

पट्टा फुगला, थबकला, सुस्कारा टाकत उतरला. यंत्रावर आकडे उमटले. एकशे सव्वीस, ब्याऐंशी. बाबांनी ते दोनदा वाचले, भिंतीवरच्या कागदावर टपोऱ्या अक्षरांत लिहिले, पट्टा सोडला, नीट गुंडाळून डब्यात ठेवला, आणि रिकाम्या हातांनी तिच्यासमोर बसून राहिले.

थोरलीने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आता बोला, बाबा," ती म्हणाली. "सगळं बोला. मी ऐकतेय."